तिसरी पाळी कुठून आली?

अकरावीच्या प्रवेशाच्या खिडकीवर कारकुनांनी माझा अर्ज दोनदा उलटसुलट केला आणि विचारलं, "कलेचा इतिहास व रसग्रहण? हे घेऊन काय करणार?" मला उत्तर माहीत नव्हतं. शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिली होती. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली, त्याचे दहावीत ७ गुण वाढून मिळाले आणि त्या सात गुणांच्या जोरावर मी स्वतःला चित्रकार समजायला लागले होते. मागे उभी असलेली मुलगी म्हणाली, "सोपा असतोय म्हणे. नुसतं पाठ करायचं." मी खूण करून टाकली.

इंग्रजीचं उलट. ते घ्यायचं की नाही असा प्रश्नच नव्हता. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजी ही आमच्यासाठी फक्त परीक्षेत भेटणारी बाई होती. त्यामुळे एक विषय सोपा म्हणून घेतला आणि दुसऱ्याची धास्ती घेतली. दोन्ही अंदाज चुकले. बारावी होऊन आता दोन वर्षं झाली. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या पोरी निकाल लागला की अजून विचारायला येतात, "अक्का, इंग्लिश लई अवघड हाय का? आणि ते चित्राचं काय असतंय?" प्रत्येकीला तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आधी कोरडं सांगते. आमच्या वेळी बारावीच्या इंग्रजीला ८० गुण लेखी आणि २० तोंडी होते. लेखीत गद्य आणि त्याबरोबरचं भाषेचं काम ३४ गुणांना, कविता १४, लेखनकौशल्य १६, कादंबरी १६. कादंबरी अख्खी नसते, तीन कादंबऱ्यांतले उतारे असतात आणि कादंबरी हा प्रकार कसा वाढला याची थोडी माहिती. प्रश्नपत्रिकेला कृतिपत्रिका म्हणायचं. लेखनकौशल्यात मुलाखतीचे प्रश्न तयार करा, ईमेल लिहा, आवाहन लिहा असलं असतं. त्याचे साचे पंधरा दिवसांत हाताखाली येतात, त्याला घाबरू नका. खरी गंमत आणि खरी रड कवितेत आहे. त्या १४ मधले ४ गुण रसग्रहणाचे. चारच. पण त्या चार गुणांनी मला वर्षभर नाचवलं.

पहिल्या चाचणीत सरोजिनी नायडूंची 'इंडियन वीव्हर्स' आली होती. बारा ओळींची कविता. विणकरांना तीन वेळा विचारलंय, काय विणताय? पहाटे ते जन्मलेल्या बाळाचं निळं वस्त्र विणतात, रात्र पडताना राणीच्या लग्नाची मोरपंखी ओढणी, आणि थंड चांदण्यात मेलेल्या माणसाचं पांढरं कफन. रसग्रहणाचे मुद्दे ठरलेले: कवीबद्दल, मध्यवर्ती कल्पना, अलंकार, वैशिष्ट्यं, संदेश आणि शेवटी तुमचं मत. मी गाइडातलं सगळं घोकलेलं. कविता सुंदर आहे, तिच्यात खोल अर्थ आहे, ती आपल्याला जीवनाचं सत्य सांगते. इंग्रजीत, स्पेलिंगसकट बिनचूक.

चारापैकी दीड.

मॅडमनी पेपर वाटलेच नाहीत. पाच पेपर काढून त्यातलं रसग्रहण मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "सांगा, कुठला कुणाचा?" कुणालाच ओळखता येईना. मला माझाही ओळखता आला नाही, कारण पाचही सारखेच होते. मग त्या म्हणाल्या, "घरात माग आहे किंवा घरातलं कुणी मागावर जातं, त्यांनी हात वर करा." वर्गातले निम्म्याहून जास्त हात वर गेले. सोलापुरात, त्यातून आमच्या भागात, यात नवल काही नाही. मॅडम बराच वेळ त्या हातांकडे बघत राहिल्या. "आणि यातल्या एकालाही विणकरांबद्दल स्वतःचं एक वाक्य सुचलं नाही?"

त्या रात्री मी कविता नान्नांना, म्हणजे वडिलांना, तेलुगूत सांगितली. नान्ना यंत्रमागावर टॉवेल काढतात. जेवून उठले होते, केसांत नेहमीसारखा कापसाचा पांढरा भुसा. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तिसरी पाळी कुठून आली?"

"म्हणजे?"

"कारखान्यात दोनच पाळ्या असतेत. सकाळची आणि रात्रीची, बारा-बारा तासांची. ही बाई पहाट, संध्याकाळ आणि मध्यरात्र म्हणायली. मग ही तिसरी कुणाची?"

अम्मा विड्या वळत बसली होती, ती हसायला लागली. मीही हसले. पण झोपताना ते डोक्यातून जाईना. कवितेतले विणकर हातमागाचे, त्यांना पाळी नव्हती. दिवस उगवला की माग आणि मावळला तरी माग. मग लक्षात आलं की ती वेळ विणकराची नाहीच. पहाट म्हणजे जन्म, संध्याकाळ म्हणजे भरात आलेलं आयुष्य, चांदणं म्हणजे शेवट. एका दिवसात एक आयुष्य बसवलंय. हे गाइडातही लिहिलेलं होतं, मी ते पाठही केलं होतं. पण नान्नांनी पाळ्या मोजेपर्यंत ते मला दिसलं नव्हतं.

पुढच्या वेळी मत या मुद्द्याखाली मी तेच लिहिलं: माझे वडील मागावर आहेत, त्यांना ही तिसरी पाळी खटकली, आणि त्यांच्या खटकण्यामुळे मला कवितेतला दिवस कळला. वाक्यं तोडकी-मोडकी होती. दोन ठिकाणी काळ चुकला होता. मॅडमनी काळ लाल शाईनं सुधारले आणि साडेतीन दिले.

तेव्हापासून आमच्या वर्गात तीन शब्दांवर बंदी आली: ब्यूटिफुल, नाइस आणि डीप मेसेज. आधी कागदावर काय आहे ते लिहा, रंग, आवाज, वेळ, कोण कुणाला विचारतंय; मग त्याचं काय होतं ते लिहा. पहिल्या कडव्यातलं निळं म्हणजे 'हॅल्सियन' पक्ष्याच्या पंखासारखं. गाइडात त्याचा अर्थ 'एक पक्षी' एवढाच. शब्दकोशात पाहिलं तर हा आपला खंड्या. कंबर तलावाच्या काठावर वायरीवर बसून पाण्याकडे टक लावणारा. तो मी शंभर वेळा पाहिला असेल, पण उडताना पंख उघडले की त्यातलं निळं कसं झळकतं हे कविता वाचल्यावर मुद्दाम जाऊन पाहिलं. बसलेल्या खंड्याच्या पाठीवरही निळं दिसतंच, पण ते खरं खुलतं उडताना.

दिलीप चित्र्यांची 'फादर रिटर्निंग होम' ही कवितासुद्धा होती. मुंबईची लोकल, गर्दीत मुकाट उभा राहिलेला म्हातारा बाप, घरी आल्यावर शिळी चपाती आणि पांचट चहा. लोकल मी आजपर्यंत पाहिलेली नाही. या कवितेवर मी नान्नांना काही विचारलं नाही. रसग्रहणही साधंच लिहिलं.

आता कलेचा इतिहास. इथे सुरुवातच गचाळ झाली. कॉलेजचं नाव घेत नाही. पण तासिका तत्त्वावर नेमलेले सर दिवाळीपर्यंत फक्त उतरवून देत होते. काळ, राजवट, स्थळ, वैशिष्ट्यं, काळ, राजवट, स्थळ, वैशिष्ट्यं. चित्रं म्हणून जी झेरॉक्स मिळायची ती काळीपांढरी, तीसुद्धा झेरॉक्सची झेरॉक्स. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी त्या कागदावर आमच्या गल्लीतल्या झोपलेल्या वॉचमनसारखा दिसायचा. "सोपा असतोय, नुसतं पाठ करायचं" हे त्या मुलीचं म्हणणं तेव्हा खरं वाटत होतं. आम्ही नऊजण होतो. दिवाळीनंतर सर गेले ते गेलेच. महिनाभर तासच नव्हता.

मग दुसरे सर आले. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर एक श्लोक लिहिला:

रूपभेदाः प्रमाणानि भावलावण्ययोजनम् ।
सादृश्यं वर्णिकाभङ्ग इति चित्रं षडङ्गकम् ॥

कामसूत्रावर यशोधरानं टीका लिहिली, त्यात चित्राची ही सहा अंगं आली आहेत. आम्ही वहीत उतरवायला घेतलं तर सर म्हणाले, वह्या मिटा. खिशातून सोलापुरी चादरीचा एक तुकडा काढला आणि म्हणाले, यात सहाही शोधून दाखवा. रूपभेद सापडला, हा मोर, हे फूल. प्रमाण सापडलं. वर्णिकाभंग, म्हणजे रंगांची वाटणी, ती तर आम्हा मागवाल्यांना लगेच कळली. सादृश्यावर भांडण झालं. चादरीवरचा मोर मोरासारखा दिसत नाही, पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. मी म्हणाले, तो चौकोनांत बसवलेला असतो म्हणून. माझा मामा जकार्डची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाची, डिझाइनं काढतो, मोठ्या ग्राफच्या कागदावर एकेक घर रंगवत. "मग हे सादृश्य नाही का?" सरांनी विचारलं. त्या दिवशी तास संपल्याची घंटा आम्हाला कुणालाच ऐकू आली नाही.

या विषयातली पहिली खरी अडचण काळाची आहे, हे आत्ताच सांगून ठेवते. शैली आठवतात, शतकं आठवत नाहीत. मथुरा आधी की गुप्त आधी, कैलास लेणं कुठे बसतं, सगळा गोंधळ. मी मामाकडून त्याच्या ग्राफच्या कागदाचा एक लांब पट्टा मागून घेतला. एक शतक म्हणजे पाच घरं, असा हिशोब. डाव्या टोकाला इ.स.पू. २५००, उजव्या टोकाला इ.स. २०००. पट्टा भिंतीवर लावला आणि शिकत जाऊ तसं एकेक नाव त्यावर चढवत गेले. मोहेंजोदडोची नर्तकी, जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची, मेण वितळवून ओतलेली. सारनाथचे सिंह. गांधार, मथुरा. अजिंठ्याची जुनी लेणी इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाजवळ आणि पद्मपाणीची पाचव्या शतकात; म्हणजे एकाच डोंगरात मध्ये पस्तीसएक घरांचं अंतर. हे पट्ट्यावर पाहिल्याशिवाय कळत नाही, कारण पुस्तकात अजिंठा एकाच पानावर असतो. वेरूळचा कैलास आठव्या शतकात. उजव्या टोकाला मी आमच्या जिल्ह्याचा माणूस हट्टानं चढवला: एम. एफ. हुसेन, जन्म पंढरपूर, १९१५.

पट्टा भरत गेला तसं त्यातलं कोरं दिसायला लागलं. सिंधू संस्कृती ओसरल्यापासून मौर्यांपर्यंत ८० घरं मोकळी. सरांना विचारलं, एवढी वर्षं कुणी काही केलंच नाही? ते म्हणाले, केलं असणारच, पण लाकडात आणि मातीत केलं, ते टिकलं नाही. दगड टिकतो म्हणून इतिहास दगडाचा. पुढे जरा थांबून म्हणाले, कापडाचंही तसंच.

दुसरी अडचण शब्दांची. गाइडात अजिंठ्याच्या चित्रांना सरळ फ्रेस्को म्हटलेलं आणि मी तसंच लिहिलं. सरांनी गुण कापले. गिलावा ओला असतानाच रंग लावतात ते खरं फ्रेस्को. अजिंठ्यात मातीत भुसा आणि तंतू मिसळून भिंत लिंपली, वर चुन्याचा पातळ थर दिला आणि तो सुकल्यावर रंग लावले, म्हणून ते टेम्परा. रंग बहुतेक आसपासच्या माती-दगडांतून काढलेले, पण निळा लॅपिस लाझुली या खड्याचा, तो थेट अफगाणिस्तानाकडून आलेला. हे ऐकलं आणि मला पुन्हा खंड्या आठवला. इंग्रजीच्या तासाचं या तासात आणि या तासातलं त्या तासात घुसायला लागलं होतं. वर्गातल्या बाकीच्यांना त्याचा वैताग यायचा, ते मान्य आहे.

जानेवारीत सोलापूरची गड्ड्याची यात्रा संपल्यावर सर आम्हाला हत्तरसंग कुडलला घेऊन गेले. सोलापूरपासून साधारण चाळीस किलोमीटर, भीमा आणि सीना जिथे मिळतात तिथे. जीपचे पैसे सरांनीच दिले हे आम्हाला नंतर कळलं. तिथली दोन देवळं, संगमेश्वर आणि हरिहरेश्वर, चालुक्यकालीन. सरांची अट एकच: पहिली दहा मिनिटं मोबाइल नाही, वही नाही, बोलणं नाही. फक्त बघायचं.

दहा मिनिटं म्हणजे किती असतात ते तेव्हा कळलं. पहिल्या दोन मिनिटांत मी सगळं पाहून झालं असं समजले. मग करमेना म्हणून खांब मोजले. मग खांबांचे आकार बदलतायत हे दिसलं, खाली चौकोनी, मध्ये आठ बाजूंचे, वर गोल. हरिहरेश्वराचा स्वर्गमंडप वरून उघडा आहे. उन्हाचा गोल तुकडा जमिनीवर पडला होता आणि दहा मिनिटांत तो हातभर सरकला. तो सरकताना मी पाहिला. शाळेत असताना सहलीला मी इथे एकदा येऊन गेले होते, पण तेव्हाचं आठवतं ते फक्त कुणाचा तरी डबा सांडलेला.

याच देवळात ते बहुमुखी शिवलिंग आहे. ३५९ मुखं. प्रत्येकाचा चेहरा वेगळा म्हणतात. आम्ही पन्नासएक निरखले आणि भांडण लागलं की हे दोन सारखे की नाहीत. आणि संगमेश्वरात तो शिलालेख, शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८, मराठीतल्या सगळ्यांत जुन्या लेखांपैकी एक. त्याचा शेवट "वाछि तो विजेया होईवा". वाचेल तो विजयी होईल. आमच्यातला एकजण, ज्याचं इंग्रजी दोनदा राहिलं होतं, तो म्हणाला, "सर, हे बोर्डाला दाखवा की."

घरी येऊन पट्ट्यावर १०१८ चढवलं. तर शेजारीच १०१० ला तंजावरचं बृहदीश्वर आधीच बसलेलं होतं. खजुराहोचं कंदारिया महादेवही त्याच्याच आसपास. तंजावर, खजुराहो आणि भीमेच्या काठावरचं आमचं कुडल, तिन्ही दोन-तीन घरांत. एकाच वेळी तीन ठिकाणी टाकीचे घाव पडत होते. कुणी कुणाला ओळखत नसणार. मी कितीतरी वेळ त्या घरांकडे बघत बसले. अम्मानं विचारलं, "काय बघायलीस?" तिला धड सांगता आलं नाही.

परीक्षेचं थोडक्यात. इंग्रजीच्या तोंडीत माझे पाय लटपटले. चित्राचं वर्णन करायला सांगितलं होतं. त्यात एक बाजार होता. मला 'मार्केट' सोडून शब्द सुचेना. मग कुडलचं आठवून डावीकडून उजवीकडे जे दिसतं ते एकेक सांगत गेले: छत्री, तराजू, पाठमोरी बाई. बरं झालं. लेखीत रसग्रहणाला वेगळीच कविता आली. तीही ठीक गेली.

कलेच्या इतिहासात मात्र मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. उत्तरासोबत छोटी आकृती काढली की परीक्षकाला बरं वाटतं, हे खरं. पण छोटी. मी कैलासाची आकृती काढायला बसले आणि त्यातच रमले. हा डोंगर वरून खाली कोरत आणलाय, आधी शिखर आणि शेवटी पाया, हे दाखवायला बाण, बाणांना नावं, नावांना चौकटी. पंचवीस मिनिटं गेली. शेवटच्या दोन टिपा लिहायच्या राहिल्या. त्यातली एक षडंगांवर होती, जी मला झोपेतही आली असती. सरांना सांगितलं तर ते कपाळाला हात लावून हसले. म्हणाले, प्रमाण चुकलं.

इंग्रजीला ७४ पडले. आमच्या घरात ते पेढे वाटण्याएवढे होते आणि नान्नांनी वाटलेही, कारखान्यात, दोन्ही पाळ्यांना.

या वर्षी माझ्या मामेबहिणीनं अकरावीला कलेचा इतिहास घेतला. परवा ती माझा पट्टा मागायला आली. तो मामाकडेच होता. मी बारावीनंतर गुंडाळून त्याच्या टेबलाखाली ठेवला होता. उलगडला तर सिंधू आणि मौर्यांच्या मधल्या कोऱ्या जागेत एक मोर. घराघरानं रंगवलेला, हिरवा-जांभळा, पिसारा ऐन भरात, मान जरा जास्तच लांब. चादरीची ऑर्डर होती, वेगळा कागद हाताशी नव्हता. मामा म्हणाला, "रिकामी जागा दिसली, म्हणून काढून पाहिला."

मामेबहिणीनं बोट ठेवून घरं मोजली. इ.स.पू. १२०० च्या आसपास.

"अक्का," तिनं विचारलं, "हा कुठल्या राजवटीतला?"